मायनस ८० फ्रीझर: कमी वीज खाणारा घ्यायचा तर निविदेत काय लिहायचं?

गारठा_नागपूर

नमस्कार मंडळी. आमच्या विभागात एकाच खोलीत जैविक नमुने ठेवायचे, मायनस ८० अंशांचे चार उभे फ्रीझर आहेत, प्रत्येकी ७०० लिटरच्या आसपास. दोन बरेच जुने, आर-४०४ए आणि आर-५०८बी गॅसवाले. बाकीचे दोन त्यामानाने नवे. खोलीत दीड टनाचे दोन स्प्लिट एसी आहेत, तरी मे महिन्यात आतलं तापमान ३३-३४ अंशांवर जातं. जुन्यांपैकी एक बदलायला पैसे मंजूर झालेत.

पुरवठादारांकडून तीन प्रकार आलेत: नेहमीचे दोन कॉम्प्रेसर पण हायड्रोकार्बन गॅसवर चालणारे, तेच पण इन्व्हर्टरवाले, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होणारे, आणि तिसरा स्टर्लिंग इंजिनवाला. तिघांच्याही पत्रकावर 'ऊर्जाबचत' लिहिलंय आणि रोजच्या युनिटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तर:

१) हे आकडे ताडून कसे बघायचे?
२) खरेदी विभाग एल-वनवर, म्हणजे सर्वांत कमी किमतीच्या निविदेवर, अडून बसतो, त्याचं काय करायचं?
३) मायनस ७० वर चालवले तर नमुन्यांना धोका आहे का?
४) स्टॅबिलायझर लावायचा की नाही?

कॅस्केड

पहिल्या प्रश्नाचं आधी. 'रोज ८ युनिट' या आकड्याला अटींशिवाय काही किंमत नाही. सेटपॉइंट (फ्रीझरवर लावून ठेवलेलं तापमान) किती होता, खोलीचं तापमान किती होतं, फ्रीझर रिकामा होता की भरलेला, मोजणीच्या काळात दार उघडलं का, आणि २३० व्होल्ट ५० हर्ट्झवर मोजलं की ११५ व्होल्ट ६० हर्ट्झवर, हे सगळं लेखी मागा. मायनस ७५ चा आकडा मायनस ८० च्या शेजारी ठेवला की आपोआप सरस दिसतो. अमेरिकेच्या एनर्जी स्टार या ऊर्जाबचतीच्या प्रमाणपत्र योजनेत मायनस ७० आणि मायनस ८० दोन्हींवर मोजून त्यातून मायनस ७५ चा आकडा काढतात. त्यामुळे त्या यादीतला आकडा आणि कंपनीच्या पत्रकातला आकडा वेगळा निघतो, त्यात दर वेळी लबाडी असते असं नाही.

नुसत्या स्टिकरवर मात्र जाऊ नका. एनर्जी स्टारच्या पहिल्या आवृत्तीत मर्यादा होती दर घनफुटाला रोज ०.५५ युनिट. ७८० लिटर म्हणजे साधारण २७.५ घनफूट, म्हणजे रोज १५ युनिट खाणारा फ्रीझरही त्यात बसायचा. त्याच मापाचे आजचे चांगले फ्रीझर ७ ते १० युनिटांत भागवतात. आणि घरच्या फ्रीजसारखे बीईईचे तारे मोजून निवडायची सोय इथे नाही.

दुसरं, लिटरपेक्षा डबे मोजा. दोन इंची डबा, ८१ किंवा १०० व्हायलींचा (नमुन्यांच्या छोट्या कुप्यांचा). जाड फोमच्या भिंतींऐवजी व्हॅक्यूम पॅनेल असले तर बाहेरून तेवढीच जागा घेणाऱ्या फ्रीझरमध्ये बरेच जास्त डबे मावतात. 'दर १०० डब्यांमागे रोज किती युनिट' असा भागाकार केलात की पत्रकांमधला निम्मा गोंधळ मिटतो.

आता तीन प्रकारांचं. एकाच टप्प्यात खोलीच्या तापमानावरून मायनस ८० गाठायचं तर कॉम्प्रेसरवर दाबाचं गुणोत्तर फार चढतं, म्हणून दोन टप्पे असतात. वरच्या टप्प्यातला गॅस खालच्या टप्प्याच्या गॅसला थंड करून द्रव करतो आणि खालचा गॅस फ्रीझरच्या भिंती गार करतो. हायड्रोकार्बनवाल्यांत वर प्रोपेन (आर-२९०, उत्कलन मायनस ४२) आणि खाली इथेन (आर-१७०, मायनस ८८.६) असतो. जोडी चपखल आहे आणि तुमच्या जुन्या गॅसांपेक्षा वीजही कमी लागते. शिवाय आर-५०८बी चा तापमानवाढीचा गुणांक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट हवा तापवतो तो आकडा) १३,००० च्या वर आहे आणि आर-४०४ए चा ३,९०० च्या आसपास. किगाली करारानुसार भारतात अशा वायूंची कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. आज घेतलेला फ्रीझर तेव्हाही चालू असणार, म्हणून त्या गॅसवर नवीन यंत्र घेण्यात अर्थ नाही.

इन्व्हर्टरचा फायदा कुठून येतो? सेटपॉइंट गाठल्यावर भिंतींतून आत झिरपणारी उष्णता शंभर ते दोनशे वॉटच्या घरातली असते. ठरावीक वेगाचा कॉम्प्रेसर एवढ्याशा कामासाठी पूर्ण जोरात सुरू होतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो, आणि दर वेळी दाब नव्याने उभा करण्यात वीज घालवतो. इन्व्हर्टरवाला रात्रभर मंद गतीने चालत राहतो. आतल्या तापमानाची चढउतारही कमी होते, ही नमुन्यांच्या दृष्टीने जास्त मोलाची गोष्ट. मात्र दार दिवसातून पन्नास वेळा उघडणार असाल तर तो बहुतेक वेळ पूर्ण वेगानेच पळणार आणि पत्रकातली बचत पत्रकातच राहणार.

स्टर्लिंगमध्ये तेल नाही, नेहमीचा कॉम्प्रेसर नाही. सीलबंद हेलियमवर पिस्टन चालतो आणि थोडासा इथेन गुरुत्वाकर्षणाने फिरून कपाटाची उष्णता इंजिनाच्या थंड टोकापर्यंत नेतो. वीज फारच कमी, सुरू होताना झटका नाही. पण थंड करण्याची राखीव ताकद मर्यादित असते; गरम रॅक आत ठेवले किंवा दार बराच वेळ उघडं राहिलं तर सावरायला वेळ लागतो. आणि बिघाड झाला तर गावातला रेफ्रिजरेशनवाला काही करू शकत नाही, अख्खं इंजिन बदलावं लागतं. ते इंजिन देशात साठ्याला आहे का आणि किती दिवसांत बसवून देणार, हे लेखी असेल तरच त्या वाटेला जा.

तुमच्या वर्णनावरून मी इन्व्हर्टर हायड्रोकार्बन घेतला असता.

नमुनेदार

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मायनस ८० या आकड्यात पवित्र असं काही नाही. पूर्वीचे फ्रीझर मायनस ६५-७० पर्यंतच जायचे आणि लोक त्यातच नमुने ठेवायचे. यंत्रं सुधारली तसा आकडा खाली गेला. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर परिसरातल्या अनेक प्रयोगशाळा कित्येक वर्षं मायनस ७० वर आहेत. पाण्याच्या बाबतीत रेणूंची हालचाल जवळपास थांबायला मायनस १३५ च्या खाली जावं लागतं, म्हणजे तो उंबरठा ७० ला गाठला जात नाही आणि ८० लाही नाही.

डीएनए, शुद्ध केलेला आरएनए, बहुतेक प्रथिनं, जिवाणूंचे ग्लिसरॉल स्टॉक हे मायनस ७० ला व्यवस्थित राहतात. जिवंत सस्तन पेशी दीर्घकाळ ठेवायच्या तर त्या मुळात मायनस ८० मध्येही नको आहेत, त्यांची जागा द्रव नायट्रोजनच्या टाकीत. मी जपून राहीन ते दोन ठिकाणी: प्लाझ्मातले नाजूक मेटाबोलाइट (चयापचयातले छोटे रेणू), आणि औषधचाचण्यांचे नमुने. दुसऱ्यात अडचण कागदाची आहे. प्रोटोकॉलमध्ये 'मायनस ८० अधिक-उणे १०' असेल तर मायनस ७० हा सेटपॉइंट बरोबर कडेवर बसतो आणि दार उघडताक्षणी नोंदवही अटीबाहेर जाते. 'मायनस ६० किंवा त्याखाली' असं लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. एका फ्रीझरमध्ये असे नमुने एकत्र करून तो ८० वर ठेवा आणि बाकीचे तीन ७० वर आणा.

आणताना एकदम १० अंश चढवू नका. आधी आत वेगवेगळ्या नऊ जागी तापमान मोजा. उभ्या फ्रीझरमध्ये वरचा कप्पा आणि दाराजवळची बाजू सेटपॉइंटपेक्षा काही अंश गरम निघू शकते. सेटपॉइंट ७० ठेवल्यावर सर्वांत गरम कोपरा ६५ च्या खाली राहत असेल तर हरकत नाही. अलार्मही सोबत सरकवायचा: सेटपॉइंट मायनस ७० तर वरचा अलार्म मायनस ६०. तो जुन्या मायनस ७० वरच राहिला तर दिवसभर कोकलत बसतो, मग कोणीतरी आवाज बंद करतं आणि खरा बिघाड होतो तेव्हा कोणालाच कळत नाही.

वीज गेल्यावर हाताशी असणारा वेळ मात्र थोडा घटतो, हे मान्य करायला हवं. भरलेला फ्रीझर रिकाम्यापेक्षा बराच हळू तापतो, त्यामुळे मोकळ्या रॅकमध्ये पाण्याच्या सीलबंद बाटल्या गोठवून ठेवल्या तरी तो वेळ भरून निघतो. बाटल्या तीन चतुर्थांशच भरा, नाहीतर फुटतात.

तिसरा_फेज

चौथा प्रश्न माझा. पण त्याआधी खोली, कारण खरी गळती तिथे आहे.

फ्रीझर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत येते. जुना फ्रीझर रोज २० युनिट धरला तर ८३३ वॉटचा हीटर चोवीस तास चालू. दोन जुने २० चे आणि दोन नवे १३ चे मिळून रोज ६६ युनिट, म्हणजे २.७५ किलोवॉट, म्हणजे पाऊण टनापेक्षा थोडं जास्त. तुमच्याकडे तीन टन एसी असून खोली ३४ ला जाते तर दोष हवेच्या वाटेत शोधा. फ्रीझर भिंतीला चिकटलेत का? मागे किमान १५ सेंटिमीटर आणि वर ३० सेंटिमीटर मोकळं हवं, आणि एकाने फेकलेली गरम हवा शेजारच्याच्या जाळीत जायला नको. बहुतेक फ्रीझर ३० ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेले असतात. त्यावर गेलं की वरच्या टप्प्याचा दाब चढतो, कॉम्प्रेसर थांबेनासा होतो, आणि बिल आणि झीज दोन्ही वाढतात.

नागपूरकरांना एक विनंती: त्या खोलीत कूलर लावू नका. हवा थोडी गार होते, पण दमट होते, आणि तो सगळा ओलावा बर्फ होऊन गॅस्केटवर (दाराच्या रबरी पट्टीवर) बसतो.

एसी ऑटो-रिस्टार्टवाला आहे ना, तेही बघा. वीज जाते, जनरेटर फ्रीझर उचलतो, एसी मात्र कोणीतरी रिमोट दाबेपर्यंत बंद. शनिवारी रात्री हे झालं तर रविवारी संध्याकाळपर्यंत खोलीची भट्टी. शिवाय चारही फ्रीझर एकाच क्षणी सुरू झाले की जनरेटर दबतो. प्रत्येकाला वेगळा रिस्टार्ट विलंब द्या: ३, ६, ९, १२ मिनिटं.

स्टॅबिलायझर: ठरावीक वेगाच्या जुन्या फ्रीझरला ५ केव्हीएचा सर्व्हो (मोटरने व्होल्टेज सलग सांभाळणारा स्टॅबिलायझर) हवाच, तीन मिनिटांच्या टाइम-डिलेसह. रिलेवाला स्वस्त स्टॅबिलायझर नको, टॅप बदलताना क्षणभर पुरवठा तुटतो आणि दाबाखाली अडकलेला कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप होतो. इन्व्हर्टर फ्रीझरचं वेगळं. त्याचा इनपुट पल्ला रुंद असेल आणि तुमचं व्होल्टेज त्यात बसत असेल, तर नुसता सर्ज प्रोटेक्टर आणि स्वतंत्र १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी पुरतो. सर्व्होचा बिनभाराचा तोटा ५० वॉट धरला तरी रोज १.२ युनिट होतात. ८ युनिटांचा फ्रीझर घेऊन त्यातली सातव्या भागाएवढी वीज स्टॅबिलायझर तापवण्यात जायची. आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा ब्रेकर) असेल तर टाइप-ए घ्या, साधा टाइप-एसी इन्व्हर्टरसोबत भरवशाचा नाही.

कॅस्केड

@तिसरा_फेज, सगळं पटलं, एक पुस्ती. काही पुरवठादारांच्या वॉरंटीत 'स्टॅबिलायझर बंधनकारक' असं बारीक अक्षरात असतं. ते निविदेच्या वेळीच काढून घ्यायचं किंवा व्होल्टेजचा पल्ला लिहून घ्यायचा. पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) जळाल्यावर त्यावर वाद घालून उपयोग होत नाही.

गारठा_नागपूर

खूप आभार. अजून दोन शंका. आहे त्या फ्रीझरची वीज क्लॅम्प मीटरने मोजली तर चालेल का? आणि हायड्रोकार्बन म्हणजे ज्वालाग्राही, तर आमची सुरक्षा समिती हरकत घेईल, त्यांना काय सांगू? एल-वनचा प्रश्नही राहिलाच.

तिसरा_फेज

क्लॅम्प मीटर नको. तो करंट दाखवतो, पॉवर फॅक्टर दाखवत नाही, आणि तुम्ही बघाल त्या क्षणी कॉम्प्रेसर चालू आहे की बंद यावर सगळं ठरतं. प्रत्येक फ्रीझरच्या लाइनवर डीआयएन रेलवर बसणारा सिंगल-फेज एनर्जी मीटर लावा आणि सलग सात दिवसांचे युनिट लिहा. सोमवार ते सोमवार घ्या, म्हणजे वापराचे दिवस आणि सुट्टी दोन्ही येतात. सोबत खोलीचं तापमान लिहिलं नाहीत तर जानेवारीचा आकडा मे महिन्याशी ताडता येणार नाही. नंतर हाच मीटर बिघाडाची पहिली वर्दी देतो: तापमान जागच्या जागी पण युनिट दर आठवड्याला चढत असतील तर फिल्टर तुंबलाय, गॅस्केट गळतंय किंवा गॅस कमी झालाय.

कॅस्केड

ज्वालाग्राहीपणाचं गणित समितीला असं दाखवा. अशा फ्रीझरमध्ये दर सर्किटला साधारण १५० ग्रॅमच्या आत गॅस असतो. दोन्ही सर्किटं एकदम फुटली असं धरलं तरी ३०० ग्रॅम. ३० घनमीटरच्या लहान खोलीत ते पसरले तर घनमीटरला १० ग्रॅम. प्रोपेन पेट घ्यायला किमान ३८ ग्रॅमच्या आसपास लागतो. हे सगळीकडे सारखं पसरलं तरचं गणित आहे, गळतीच्या अगदी जवळ ते लागू होत नाही. म्हणून फ्रीझरच्या मागे जमिनीलगत ठिणगी पडणारे जुने स्विच आणि लोंबते प्लग ठेवू नका, आणि दुरुस्तीला हायड्रोकार्बनचं प्रशिक्षण असलेलाच माणूस बोलवा.

एल-वनला दोन वाटा आहेत. सरळ वाट म्हणजे दहा वर्षांचा वीजखर्च किमतीत मिळवून त्या बेरजेवर एल-वन ठरवायचा. सूत्र निविदेत आधीच छापलेलं हवं, नंतर लावता येत नाही. दर युनिटला १२ रुपये धरू (तुमच्या बिलातला दर टाका). रोज एक युनिट म्हणजे दहा वर्षांत ३,६५० युनिट, म्हणजे ४३,८०० रुपये. ती उष्णता बाहेर काढायला एसीला आणखी तिसरा हिस्सा वीज लागते, म्हणजे एकूण सुमारे ५८,४०० रुपये. थोडक्यात, रोज ५ युनिट जास्त खाणारा फ्रीझर अडीच लाखांनी स्वस्त मिळाला तरी महागच पडतो. हे लेखा विभागाला लगेच कळतं, कारण यात पर्यावरणाचा एक शब्द नाही.

ते तयार नसतील तर दुसरी वाट: कमाल वापर तांत्रिक पात्रतेतच टाका. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

'मायनस ८० अंश सेटपॉइंट, खोलीचे तापमान २५ अंश, फ्रीझर रिकामा, दार बंद, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ या अटींवर वीजवापर दररोज ___ युनिटपेक्षा जास्त नसावा. स्वतंत्र चाचणी अहवाल जोडावा. शीतक फक्त हायड्रोकार्बन किंवा हेलियम. खोलीचे तापमान ३२ अंश असताना मायनस ८० राखता आले पाहिजे. दोन इंची किमान ___ डबे, रॅकसह. पुरवठा बंद केल्यावर मायनस ८० ते मायनस ५० ला लागणारा वेळ नमूद करावा. जागेवर स्वीकृती चाचणी घेतली जाईल. तीत नापास झाल्यास यंत्र परत घ्यावे लागेल.'

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, आणि ते नुसतं छापून सोडू नका. यंत्र आलं की एक दिवस स्थिर होऊ द्या, मग ४८ तास मीटरवर युनिट मोजा. दार ६० सेकंद उघडं ठेवून मायनस ७५ ला परत यायला किती वेळ लागतो ते लिहा. मग स्विच बंद करून मायनस ५० पर्यंतचा वेळ घ्या. कंपनीच्या डिस्प्लेवर विसंबू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसवलेला वेगळा पीटी-१०० तापमान सेन्सर आणि त्याची नोंद ठेवणारा लॉगर वापरा. उघडा सेन्सर दार हलताच उड्या मारतो.

नमुनेदार

नवा येईपर्यंत जुन्यांचं. काचपट्टीएवढा बर्फ साचला की तो काढायचाच. कोरड्या कापडाने आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने. सुरी, स्क्रूड्रायव्हर, हातोडी नको. आतल्या पत्र्यामागेच गॅसच्या नळ्या असतात. हेअर ड्रायरही नको, पत्रा आणि आतले दरवाजे वाकतात. वर्षातून एकदा पूर्ण डीफ्रॉस्ट: नमुने दुसरीकडे हलवून २४ तास दार उघडं, खाली टॉवेल, आतून पूर्ण कोरडा करून मग रिकामाच सुरू करायचा आणि रात्रभर खाली जाऊ द्यायचा. थोडा ओलावा राहिला तर तोच बर्फ आठवड्यात परत येतो. हे पावसाळ्यात काढू नका, हिवाळ्यात काढा.

कंडेन्सरचा फिल्टर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा धुवा. गॅस्केटसाठी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. जिथे सहज सुटते तिथे गळती. दार बंद केल्याबरोबर पुन्हा उघडत नसेल तर हँडलला लोंबू नका. आतली हवा आकसून पोकळी तयार झालेली असते. दाब समान करणारं छिद्र बर्फाने बुजलंय का बघा, नाहीतर दोन मिनिटं थांबा.

आणि एक यादी करा: कोणत्या रॅकमध्ये काय, कोणाचं. निम्मा साठा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचा निघतो. तो आवरलात तर चारऐवजी तीन फ्रीझरमध्येही भागेल, आणि बंद फ्रीझर शून्य युनिट खातो.

गारठा_नागपूर

बाद फ्रीझर भंगारवाल्याला द्यायचा का?

कॅस्केड

नाही. आधी आतून निर्जंतुक करून तसा दाखला दारावर चिकटवा, मग आर-५०८बी आणि आर-४०४ए रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्याला बोलवा. खालच्या टप्प्यासोबत एक एक्सपान्शन टाकी असते आणि फ्रीझर बंद असताना तिच्यात दाब असतो, म्हणून नळी कापून गॅस सोडणं हवेसाठी वाईट आणि कापणाऱ्यासाठी धोक्याचं. त्यानंतर ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्चक्रण केंद्राला द्या आणि पावती मालमत्ता नोंदवहीला लावा. पॅसेजमध्ये पडून राहणार असेल तर कुलूप आणि दार दोन्ही काढून ठेवा.